प्रतिजैविकरोधी पुंजगोलाणू आणि त्यांचे निरोगी वाहक

द्राक्षांच्या घोसाप्रमाणे पुंजक्यांनी वाढणाऱ्या गोलाकार सूक्ष्मजंतूंना पुंजगोलाणू (स्टॅफिलोकॉकस) म्हणतात. त्यांपैकी सोनेरी पिवळ्या रंगाच्या वसाहती निर्माण करणारा सुवर्ण पुंजगोलाणू (स्टॅफिलोकॉकस ऑरियस) मानवी रोगांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. केसतूड, गळू, नखुर्डे, शस्त्रक्रियेच्या जखमेत होणारा पू, हाडांच्या मगजाचा दाह, फुप्फुसदाह, रक्तदूषण इ. विकार त्याच्यामुळे उद्भवतात. असे असले, तरी हा सूक्ष्मजंतू बहुधा कोणताही रोग न करताच माणसाच्या शरीरावर राहतो. नाकपुड्यांचा पुढील भाग हे त्याचे मुख्य वसतिस्थान होय. सु. एकपंचमांश निरोगी व्यक्तींच्या नाकात तो दीर्घकाळ आढळतो, तर आणखी पुष्कळ व्यक्तींच्या नाकात तो अधूनमधून येतो व जातो. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहकाला स्वतःला कसलाही त्रास होत नसल्याने आपण वाहक आहोत, याची त्याला कल्पनाही नसते. प्रतिजैविकांना दाद न देणारे पुंजगोलाणू वैद्यकाच्या वा परिचर्येच्या विद्यार्थ्याच्या नाकात व हातांवर वस्ती करतात, तेव्हा ह्या अज्ञानाला वेगळेच महत्त्व प्राप्त होते. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाचा इतिहास सामान्यतः औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तितकाच नाकांचा व हातांचाही इतिहास आहे.

वाहकाच्या कल्पनेची पूर्वपीठिका : निरोगी विद्यार्थ्याच्या हातून रोग पसरू शकतो, हे सूक्ष्मजंतूंचे कार्य ज्ञात होण्यापूर्वीच लक्षात आले होते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत व दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या विभागातील प्रसूत स्त्रियांचा मृत्यू ११ टक्क्यांहून अधिक प्रमाणात होत असे. दुसऱ्या विभागात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. तेथील वैद्य इग्नाझ झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांना ह्या तफावतीचे कारण १८४७ मध्ये उमगले. त्यांचे सहकारी याकोप कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने जखम झाली आणि प्रसूत स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या विकारासारख्याच विकाराने त्यांचा मृत्यू झाला. विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिकक्षात येतात व त्यांच्या हातांना चिकटलेले दूषित द्रव्य स्त्रियांच्या शरीरात शिरते, असा निष्कर्ष झेमेलव्हाइस यांनी काढला. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी केला. १८४८ मध्ये दोन्ही विभागांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे सु. १·३ टक्के झाले. हा रोग मुख्यतः मालागोलाणूंमुळे (साखळीसारख्या रचनेत वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंमुळे) होत असे. तरी रोगप्रसाराची जी वाट झेमेलव्हाइस यांनी दाखविली, तीच पुढे पुंजगोलाणूंच्या बाबतीतही खरी ठरली. समकालीन वैद्यांपैकी अनेकांना हा निष्कर्ष रुचला नाही, कारण तो मान्य करणे म्हणजे आपलेच हात दोषी मानणे होते.

पुंजगोलाणूंचा शोध : ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक ॲलेक्झांडर ऑग्स्टन (१८४४–१९२९) यांना १८८० च्या सुमारास गळवांतील पुवात गोलाणूंचे पुंजके दिसले. द्राक्षांचा घोस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८८२ मध्ये स्टॅफिलोकॉकस हे नाव योजिले. जर्मन शल्यचिकित्सक रोझेनबाख यांनी १८८४ मध्ये सोनेरी व पांढऱ्या वसाहतींचे प्रकार वेगळे केले. नाक हे ह्या सूक्ष्मजंतूचे जणू कोठारच आहे, हे विसाव्या शतकात क्रमाने स्पष्ट होत गेले. जर्मनीतील एका पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तात सुवर्ण पुंजगोलाणू सापडलेल्या २१९ रुग्णांपैकी १८० रुग्णांच्या बाबतीत रक्तातील व त्यांच्याच नाकातील पुंजगोलाणू एकाच वाणाचे असल्याचे तीत आढळले. याचा अर्थ असा की, नाकातील निरुपद्रवी वस्ती आणि रक्तातील प्राणघातक रोग हे एकाच सूक्ष्मजंतूच्या जीवनक्रमाचे दोन टप्पे असू शकतात.

पेनिसिलीन आणि पहिला प्रतिरोध : प्रतिजैविकांच्या युगाचा प्रारंभच पुंजगोलाणूंपासून झाला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ॲलेक्झांडर फ्लेमिंग (१८८१–१९५५) यांनी १९२८ मध्ये ज्या काचपात्रात बुरशीभोवतीचे सूक्ष्मजंतू विरघळलेले पाहिले, त्यात पुंजगोलाणूंचेच संवर्धन केलेले होते. ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये पेनिसिलिनाचा उपयोग उंदरांवर सिद्ध केला. १९४१ मध्ये ते प्रथम ज्या गंभीर रुग्णाला देण्यात आले, त्या पोलीस शिपायाची प्रकृती सुधारू लागली होती. परंतु औषधाचा साठा संपला व तो दगावला. त्या काळी औषधाचा तुटवडा हीच मोठी अडचण होती. औषध मुबलक होऊनही निरुपयोगी ठरण्याची अडचण अद्याप यावयाची होती. [⟶ पेनिसिलीन].

तिची चाहूल मात्र लवकरच लागली. पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) काही सूक्ष्मजंतू तयार करतात, असे एडवर्ड अब्राहम व चेन यांनी १९४० मध्येच प्रसिद्ध केले. पुंजगोलाणूंच्या काही वाणांतही असा पेनिसिलीननाशक पदार्थ असल्याचे १९४४ मध्ये दिसून आले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी रुग्णांकडून मिळविलेल्या पुंजगोलाणूंची वर्षानुवर्षे तपासणी केली. पेनिसिलीनरोधी वाणांचे प्रमाण १९४६ मध्ये सु. १४ टक्के, १९४७ मध्ये ३८ टक्के व १९४८ मध्ये ५९ टक्के असल्याचे त्यांना आढळले. ह्या वाढीचा त्यांनी लावलेला अर्थ विशेष महत्त्वाचा होय. प्रत्येक रुग्णाच्या शरीरात नवा प्रतिरोध निर्माण होत नव्हता. मूळचेच रोधी असलेले वाण औषधाच्या वापरामुळे टिकून राहत होते, संवेदनक्षम वाण नष्ट होत होते आणि रोधी वाण रुग्णालयात एका व्यक्तीकडून दुसरीकडे जात होते. निवड औषधाने केली. प्रसार माणसांनी केला.

विद्यार्थी व परिचारिकांची तपासणी : माणसांनी केलेला हा प्रसार १९५० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष मोजण्यात आला. जीवाणुभक्षी व्हायरसांच्या साहाय्याने पुंजगोलाणूंचे वाण ओळखण्याची पद्धत त्या काळी रूढ झाली होती. त्यामुळे एका व्यक्तीच्या नाकातील व दुसऱ्या व्यक्तीच्या जखमेतील सूक्ष्मजंतू एकच आहेत किंवा नाहीत, हे सांगता येऊ लागले. ऑस्ट्रेलिया, ग्रेट ब्रिटन इ. देशांत परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या नाकातील स्रावाचे नमुने शिक्षणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर घेण्यात आले. शिक्षणास आरंभ करताना त्यांच्यातील वाहकांचे प्रमाण सर्वसामान्य जनतेतील प्रमाणाहून फारसे वेगळे नसे. रुग्णकक्षात काम सुरू झाल्यावर मात्र त्यांच्या नाकातील संवेदनक्षम वाणांची जागा पेनिसिलीनरोधी वाण घेऊ लागत. अशा रीतीने रुग्णालय विद्यार्थिनीला विद्येबरोबर आपले सूक्ष्मजंतूही देत असे. सिडनी येथील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ फिलिस राउंट्री यांनी ह्या विषयात मूलभूत संशोधन केले. त्याच दशकात ‘८०/८१’ ह्या क्रमांकाने ओळखला जाणारा पेनिसिलीनरोधी वाण ऑस्ट्रेलियातील नवजात अर्भकांच्या कक्षांतून पुढे आला व अल्पावधीत अनेक देशांत पसरला. अर्भके, त्यांच्या माता व त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका हे सर्व त्याला बळी पडले.

विद्यार्थी ह्या साखळीत का सापडतो, याची कारणे त्याच्या शिक्षणक्रमातच आहेत. तो ठराविक मुदतीने एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जातो. शिकण्यासाठी एकाच रुग्णाला अनेक विद्यार्थी तपासतात व एक विद्यार्थी अनेक रुग्णांना तपासतो. जखमेची मलमपट्टी, शिरेत सुई घालणे इ. कामे तो नव्याने शिकत असतो. कौशल्य अंगवळणी पडलेले नसल्याने काही स्पर्श अनावश्यकही होतात. नाकाला नकळत लागलेला हात, गळ्यातील स्टेथॉस्कोप व अंगावरील न बदललेला डगला यांमुळे सूक्ष्मजंतूंच्या स्थलांतराला मदत होते.

मेथिसिलीनरोधी वाण : पेनिसिलीननाशक एंझाइमाला न जुमानणारे मेथिसिलीन हे अर्धसंश्लेषित पेनिसिलीन ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये तयार करण्यात आले व १९६० मध्ये वापरात आले. त्यामुळे पुंजगोलाणूंचा प्रश्न सुटला, असे काही काळ वाटले. परंतु १९६१ च्या आरंभीच लंडनजवळील कॉलिंडेल येथील प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलीनरोधी वाण आढळल्याचे जाहीर केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या वाणांना ‘एमआरएसए’ म्हणतात. आरंभीच्या वाणांच्या जनुकीय आराखड्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून हा प्रतिरोध मेथिसिलीन वापरात येण्याच्या कित्येक वर्षे आधी, १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास, पुंजगोलाणूंत आलेला असावा असे दिसते. पेनिसिलिनाच्या विस्तृत वापरामुळे अशा वाणांची निवड आधीच झालेली होती.

पेनिसिलीन वर्गातील औषधे सूक्ष्मजंतूची कोशिकाभित्ती (कोशिकेभोवतीचे कठीण आवरण) बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात. मेथिसिलीनरोधी वाणात ‘मेक-ए’ हे जनुक असते. त्याच्यामुळे भित्ती बांधणारे एक निराळे प्रथिन तयार होते व ह्या प्रथिनाला ही औषधे नीट चिकटत नाहीत. परिणामी औषध असतानाही भित्तीचे बांधकाम चालू राहते. म्हणूनच हा प्रतिरोध एका औषधापुरता मर्यादित नसून पेनिसिलिने व बहुतेक सेफॅलोस्पोरिने एकदमच निष्प्रभ होतात. हे जनुक गुणसूत्रातील एका चल खंडात असते आणि तो खंड एका पुंजगोलाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. मेथिसिलीन आता उपचारासाठी वापरले जात नाही. नाव मात्र टिकून आहे. प्रयोगशाळेत हा प्रतिरोध ओळखण्यासाठी सेफॉक्सिटीन ह्या औषधाची चकती वापरतात.

अशा रोगांत व्हँकोमायसीन (वापरास मान्यता १९५८) हे दीर्घकाळ मुख्य औषध राहिले. त्याला अंशतः न जुमानणारा वाण जपानमध्ये १९९६ मध्ये व पूर्णपणे रोधी वाण अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००२ मध्ये सापडला. पूर्णपणे रोधी वाण विरळाच आढळतात; परंतु शेवटचा आधारही अभेद्य नाही, हे त्यांनी दाखवून दिले. २०१९ ह्या एका वर्षात मेथिसिलीनरोधी पुंजगोलाणूंच्या प्रतिरोधामुळे जगात एक लाखाहून अधिक मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. [⟶ प्रतिजैविक पदार्थ].

रुग्णालयाबाहेरील प्रसार : रुग्णालयातील रोधी वाण व समाजातील संवेदनक्षम वाण असा भेद विसाव्या शतकाच्या अखेरीस पुसट होऊ लागला. रुग्णालयाशी संबंध न आलेल्या चार बालकांचा मेथिसिलीनरोधी पुंजगोलाणूंमुळे मृत्यू झाल्याचे अमेरिकेत १९९९ मध्ये नोंदविले गेले. भारतीय उपखंडात ‘एसटी ७७२’ हा वाण पुढे आला. तो बांगला देश व भारत येथे २००४ मध्ये प्रथम ओळखला गेल्याने त्याला बंगालच्या उपसागराचे नाव मिळाले. हा वाण समाजात पसरणारा असूनही अनेक प्रतिजैविकांना रोधी आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये स्थापन झाले. पुण्याजवळील पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनाच्या उत्पादनास प्रारंभ झाला. आयातीवर अवलंबून असलेले औषध त्यामुळे देशातच तयार होऊ लागले. पिंपरीत ज्या वेळी हे औषध तयार होऊ लागले, त्या वेळी लंडनच्या रुग्णालयांतील निम्म्याहून अधिक पुंजगोलाणू त्याला दाद देईनासे झाले होते.

भारतातील १५ मोठ्या रुग्णालयांतील पुंजगोलाणूंच्या २६,३१० नमुन्यांच्या पाहणीत मेथिसिलीनरोधी वाणांचे प्रमाण २००८ मध्ये ४२ टक्के व २००९ मध्ये ४० टक्के आढळले. हे प्रमाण रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांतील आहे. निरोगी लोकांच्या नाकांतील प्रमाण त्याहून पुष्कळच कमी असते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. मुंबईतील वाणांचा जनुकीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘एसटी २२’ व ‘एसटी ७७२’ हे वाण वर आल्याचे आणि एरवी समाजातील वाणांत आढळणारे चल खंड रुग्णालयातील नमुन्यांत मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसले. म्हणजे वाट आता दुहेरी झाली आहे : रुग्णालयातून घराकडे आणि घरातून रुग्णालयाकडे. ह्या दोन्ही वाटांवरून नित्य ये-जा करणाऱ्यांत विद्यार्थी प्रमुख होत.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याच्या उदाहरणाने समजू शकेल. दामाजीपंत व चोखामेळा ह्या संतांच्या संबंधामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव सोलापूरच्या नैर्ऋत्येस सु. ५५ किमी. अंतरावर आहे. येथील रब्बी ज्वारी नामांकित असून तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे पीक काढताना ताटे मुळासकट हातांनी उपटतात. त्यामुळे तळहातांना फोड येतात व चिरा पडतात. शेतात राहिलेली धसकटे पायात घुसतात. त्वचेतील अशा फटींतूनच पुंजगोलाणू आत शिरतात. लहान गळवातील पुवाचा निचरा करणे हाच मुख्य उपचार असून पुष्कळदा तो पुरेसाही होतो. परंतु दाह पसरून हाडात वा रक्तात गेला, तर योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळणे हाच जगण्यामरण्याचा प्रश्न ठरतो. नेहमीच्या क्लॉक्सॅसिलीन किंवा सेफॅलेक्सीन ह्या औषधांना रोधी वाण दाद देत नाही. सूक्ष्मजंतूचे संवर्धन करून त्याची औषधसंवेदनशीलता पाहण्यास सर्वसाधारणतः दोन दिवस लागतात आणि त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते. व्हँकोमायसीन शिरेवाटे द्यावे लागत असल्याने रुग्णालयात राहणे भाग पडते. सुगीच्या दिवसांत हातावर पोट असलेल्या कुटुंबाला हा मुक्काम फार महाग पडतो.

तालुक्याच्या गावातील गंभीर रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले जातात. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून ह्या भागातील वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र आहे. याउलट, शिक्षण संपवून आंतरवासी म्हणून काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना देशात सर्वत्र काही आठवडे आरोग्य केंद्रांत काढावे लागतात, तर परिचर्येचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी खेड्यांतील घरोघरी जातात. ग्रामीण जनतेला ह्या सेवेची नितांत गरज आहे. म्हणून विद्यार्थ्यांना खेड्यांपासून दूर ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. त्यांचे हात निर्जंतुक राहतील अशी सोय करणे, हा उपाय होय.

प्रतिबंध : हात स्वच्छ ठेवणे हा झेमेलव्हाइस यांच्या काळापासूनचा उपाय आजही सर्वांत परिणामकारक ठरतो. जिनीव्हा येथील विद्यापीठीय रुग्णालयात रुग्णशय्येजवळ मद्यार्कयुक्त द्रव ठेवून हात निर्जंतुक करण्याची मोहीम राबविण्यात आली. तेथे नियमपालनाचे प्रमाण १९९४ मध्ये ४८ टक्के होते, ते १९९७ मध्ये ६६ टक्के झाले. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १६·९ टक्क्यांवरून ९·९ टक्क्यांवर आले व मेथिसिलीनरोधी पुंजगोलाणूंचा प्रसार निम्म्याहून कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, जंतुविरहित कृतीपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर असे हात धुण्याचे पाच प्रसंग त्यांत सांगितले आहेत.

वाहकाच्या नाकातील पुंजगोलाणू म्युपिरोसीन ह्या मलमाने पुष्कळदा नाहीसे होतात. तथापि काही महिन्यांत ते पुन्हा येण्याचा संभव असतो आणि मलमाचा सरसकट वापर केल्यास त्यालाही प्रतिरोध उत्पन्न होतो. त्यामुळे सर्व विद्यार्थ्यांची सरसकट तपासणी व उपचार यांपेक्षा साथ उद्भवल्यास शोध घेणे व निवडक वाहकांवर उपचार करणे, हे धोरण सामान्यतः स्वीकारले जाते. नेदर्लंड्‌सने रोधी वाणांचे वाहक शोधून त्यांचे निर्मूलन करण्याचे कडक धोरण अनेक वर्षे राबवून तेथील रुग्णालयांत हे प्रमाण अत्यल्प ठेवले. भारतात प्रतिजैविकांच्या विक्रीवर नियंत्रण आणण्यासाठी काही महत्त्वाची औषधे ‘एच-१’ ह्या अनुसूचीत घालण्यात आली व तो नियम १ मार्च २०१४ पासून अंमलात आला. प्रतिरोधाविषयीची राष्ट्रीय कृतियोजना २०१७ मध्ये जाहीर झाली.

वाहक असणे हा आजार नव्हे, तसाच तो अपराधही नव्हे. वाहक ठरलेल्या विद्यार्थ्याची मानहानी होत असेल, तर पुढचा विद्यार्थी तपासणीच टाळील आणि सूक्ष्मजंतूला आयतेच लपण्यास जागा मिळेल. तपासणीचे निष्कर्ष गुप्त राखणे, उपचार विनामूल्य देणे आणि प्रत्येक कक्षात पाणी, साबण व मद्यार्कयुक्त द्रव यांचा अखंड पुरवठा करणे, ह्या जबाबदाऱ्या शिक्षणसंस्थेच्या होत. नवी प्रतिजैविके शोधण्यास दीर्घ काळ व मोठा खर्च लागतो आणि त्यांना प्रतिरोध उत्पन्न होण्यास मात्र काही वर्षे पुरतात. ह्या विषम शर्यतीत जुन्या औषधांचे आयुष्य वाढविण्याचे जे थोडे मार्ग उपलब्ध आहेत, त्यांत दोन रुग्णांच्या मध्ये धुतलेले हात हा सर्वांत स्वस्त होय आणि तो शिकविण्याची योग्य वेळ म्हणजे विद्यार्थी रुग्णकक्षात पहिले पाऊल टाकतो ती होय.